पार्कात उडवायचे छोटे लढाऊ विमान: निवडताना काय पाहावे

रिमोटवर उडणारे छोटे विमान घ्यायचे ठरले की बहुतेकांची नजर आधी खोक्यावरच्या चित्राकडे जाते, आणि त्या चित्रात स्पिटफायर, मस्टँग किंवा कोर्सेअर असले की पुढचा विचार तिथेच थांबतो. ही ओढ समजण्यासारखी आहे, कारण दुसऱ्या महायुद्धातील ही विमाने दिसायला खरोखरच देखणी होती. परंतु ती वेगाने जाण्यासाठी, चटकन वळण्यासाठी आणि आत बसलेल्या कसलेल्या वैमानिकाच्या हाताला साथ देण्यासाठी आखलेली होती; जमिनीवर उभे राहून, दूरवरच्या इवल्याशा आकृतीकडे पाहत स्टिक हलवणारा हौशी माणूस त्यांच्या रचनाकारांच्या डोळ्यांसमोर नव्हता. म्हणून निवडीचा क्रम उलटा धरावा, असे माझे मत आहे. आधी मैदान पाहावे, मग विमानाचे वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ पाहावे, आणि चित्राकडे सर्वांत शेवटी वळावे. मुंबईत तर मैदानाच्या प्रश्नातच अर्धी निवड होऊन जाते.

आधी मैदान

भारतात २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत, आणि या नियमांच्या व्याख्येत आपले छंदाचे विमानही येते. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या विमानाला त्यात मॉडेल म्हणून वेगळे स्थान दिलेले आहे. २५० ग्रॅमपर्यंतचे साधन नॅनो वर्गात येते आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे मायक्रो वर्गात; नॅनो वर्गातील साधनासाठी, तसेच व्यावसायिक हेतूविना उडवलेल्या मायक्रो वर्गातील साधनासाठी वैमानिक परवाना लागत नाही. मात्र परवाना लागत नाही म्हणून कोठेही उडवता येते, असा अर्थ काढू नये. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग पाडलेले आहेत आणि ते हलक्यातल्या हलक्या विमानालाही लागू होतात. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वरचे आकाश पिवळ्या विभागात मोडते, तर ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात थेट जमिनीपासूनच पिवळा विभाग सुरू होतो, म्हणजे तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीविना विमान हातभरही वर नेता येत नाही.

आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. अंधेरी आणि सांताक्रूझच्या मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याच्या पश्चिमेला १९२८ पासूनचा जुहूचा विमानतळ, कुलाब्यात नौदलाचा आयएनएस शिक्रा हा हेलिकॉप्टर तळ, तुर्भ्यात अणुसंशोधन केंद्र आणि खाडीपलीकडे आता नवी मुंबईचा विमानतळ. दादरचे शिवाजी पार्क, जिथे विमान उडवण्याची कल्पना प्रत्येक दादरकराच्या मनात एकदा तरी येऊन जाते, तेही आंतरराष्ट्रीय विमानतळापासून हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या आतच आहे. यात भर म्हणजे मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर यांच्याबरोबर रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांचा स्पष्ट उल्लेख असतो. हे आदेश ठरावीक मुदतीचे असतात आणि पुन्हा पुन्हा निघतात, त्यामुळे मागच्या महिन्यात कोणी तरी उडवत होते, हा दाखला चालत नाही. विमान घेण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन मंचावरील हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून आपली जागा कोणत्या रंगात पडते ते पाहावे आणि त्या वेळी लागू असलेले पोलीस आदेशही तपासावेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की मुंबईकराला दोनच प्रकारची ठिकाणे खरोखर उपलब्ध असतात. पहिले म्हणजे शहराबाहेर, कर्जत, नेरळ, पालघरच्या बाजूला, नकाशात हिरव्या विभागात येणारे आणि मालकाने किंवा ग्रामपंचायतीने परवानगी दिलेले मोकळे रान. दुसरे म्हणजे छप्पर असलेली मोठी जागा, उदाहरणार्थ शाळेचे सभागृह किंवा जिमखान्याचे बॅडमिंटन कोर्ट, जिथे तीस ग्रॅमच्या आतले, संथ उडणारे विमानच चालते. पहिल्या ठिकाणी जायचे तर विमान लोकलमधून न्यावे लागणार, आणि मीटरभर पंखांचे विमान घेऊन सकाळच्या कर्जत लोकलमध्ये शिरणे जमले तरी परतीच्या प्रवासात ते अखंड राहील याची हमी कोणी देऊ नये. चाळीस सेंटिमीटर पंखांचे विमान मात्र आपल्या खोक्यासकट सॅकमध्ये मावते. आकाराच्या निवडीत ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण विमान महिन्यातून किती वेळा कपाटाबाहेर निघेल हे बहुधा तीच ठरवते.

पार्क फ्लायर, म्हणजे पार्कात उडवण्याजोगे छोटे विमान, ही संज्ञा जाहिरातींत फार सैलपणे वापरली जाते. अमेरिकेतील अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या संस्थेने आपल्या पार्क पायलट उपक्रमासाठी तिला आकडे दिले आहेत: वजन २ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम, आणि वेग ताशी ६० मैलांच्या आत, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर. ही वरची मर्यादा आहे आणि तिकडच्या ऐसपैस गवताळ मैदानांना ती शोभते. आपल्याकडच्या जागांसाठी २५० ग्रॅमची रेषा अधिक शहाणपणाची आहे. नियमांच्या दृष्टीने ती सोयीची आहेच, शिवाय कधी काही चुकलेच तर तेवढ्या वजनाचा फोम कोणाला लागल्यास होणारी इजाही मर्यादित राहते.

वजन, पंख आणि वेग यांचे गणित

लढाऊ विमानाच्या मॉडेलबाबत एकच संकल्पना समजून घ्यायची असेल तर ती पंखभाराची. विमानाच्या एकूण वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो, आणि मॉडेलच्या जगात तो ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर या एककात मोजतात. पंखाला उचल मिळते ती त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे, आणि ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर जितका जास्त भार, तितका जास्त वेग विमानाला केवळ हवेत टिकून राहण्यासाठी ठेवावा लागतो. या किमान वेगाच्या खाली गेल्यावर, किंवा वेग पुरेसा नसताना नाक जास्त वर खेचल्यावर, पंखावरचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो आणि उचल एकदम कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. पंखभार दुप्पट झाला तर स्टॉलचा वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. पण छोट्या मैदानात तेवढा फरकही फार मोठा असतो.

मस्टँगचेच उदाहरण घेऊ. खऱ्या पी-५१डी मस्टँगच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ११.२८ मीटर होता, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २१.८ चौरस मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन साधारण ४,१७५ किलो. बाजारात मिळणाऱ्या ४०० मिलिमीटर विस्ताराच्या मस्टँगमध्ये हे विमान सुमारे २८ पट लहान झालेले असते. लांबी २८ पट घटली की क्षेत्रफळ २८ च्या वर्गाने घटते आणि वजन, सर्व काही त्याच प्रमाणात राखले तर, २८ च्या घनाने. हिशेब केला तर पंख पावणेतीन चौरस डेसिमीटरच्या आसपास येतात आणि वजन १८६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पंखभार सुमारे ६८ आणि स्टॉलचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात. हाताने फेकायच्या आणि गवतावर पोटावर उतरवायच्या विमानासाठी हा वेग भलताच जास्त आहे. आता हेच विमान सत्तर ग्रॅममध्ये बसवले, तर पंखभार २५ पर्यंत उतरतो आणि स्टॉलचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटरवर येतो. या आकाराची चांगली मॉडेल शंभर ग्रॅमच्या आत राखलेली असतात, ती याच कारणाने.

वेगाचा दुसरा परिणाम वळणावर होतो. पंचेचाळीस अंश झुकून सपाट वळण घेणारे विमान सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल तर त्याला वीस मीटर व्यासाचे वर्तुळ पुरते. वेग २० मीटर झाला की तेच वर्तुळ ऐंशी मीटरच्या पुढे जाते, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या रुंदीत मावत नाही. जागा कमी पडते म्हणून वळण आणखी आवळावे, तर तिथे वेगळाच सापळा आहे. झुकलेल्या पंखांना विमानाचे वजन पेलून शिवाय त्याला आतल्या बाजूला खेचायचेही असते, त्यामुळे साठ अंशांच्या सपाट वळणात पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग पुन्हा १.४ पट चढतो. मैदानाच्या कडेला झाड पाहून घाईने आवळलेल्या वळणात छोटी लढाऊ विमाने का कोसळतात, याचे कारण हे आहे. मोटर किंवा रिमोट यांना त्याचा दोष बहुतेक वेळा उगाच लागतो.

खोक्यावर पंखभार छापलेला क्वचितच असतो. उड्डाणासाठी सज्ज वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ मात्र माहितीपत्रकात बहुधा सापडते, आणि भागाकार आपणच करावा. वजन बॅटरीसह आहे की बॅटरीविना, हे अवश्य पाहावे. अर्धा मीटरपर्यंतच्या विमानासाठी पंखभार तिसाच्या आत असावा आणि मीटरभराच्या विमानासाठी पन्नाशीच्या आत, असा माझा ढोबळ दंडक आहे. मोठ्या विमानाला अधिक पंखभार चालतो, कारण त्याचा पंख हवेत जास्त कार्यक्षम असतो आणि ते दुरून नीट दिसते. पाच-सात सेंटिमीटर रुंदीच्या पंखावरून जाणारी हवा खऱ्या विमानाच्या पंखावरच्या हवेसारखी वागत नाही. छोट्या पंखाच्या दृष्टीने हवा अधिक चिकट असते, म्हणून लहान मॉडेलमध्ये पातळ आणि किंचित कमानदार पंख जाड पंखापेक्षा बरे चालतात. खऱ्या विमानाशी तंतोतंत जुळणारे मॉडेल या आकारात वाईट उडते, आणि चांगल्या उत्पादकाने शेपटी जराशी मोठी, पंख जरासे रुंद केलेले असतील तर तिला खोट न मानता जाणकारीची खूण समजावे.

कोणते विमान

हे सर्व लक्षात घेतल्यावर चित्राकडे वळायला हरकत नाही, कारण विमानाच्या आकारातच त्याचा स्वभाव बराचसा लिहिलेला असतो.

स्पिटफायर सर्वांना हवे असते. रेजिनाल्ड मिचेल यांच्या आराखड्यातील हे विमान ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडाले आणि त्याचे लंबवर्तुळाकार पंख आजही लहान मुलाला ओळखता येतात. पंख टोकाकडे निमुळता होत गेला की टोकाची रुंदी इतकी कमी होते की छोट्या मॉडेलमध्ये तिथला प्रवाह आधी सुटतो, एक पंख अचानक खाली पडतो आणि विमान उलटे होऊन जमिनीकडे जाते. खऱ्या स्पिटफायरमध्ये यावर उपाय केलेला होता: पंखाचे मूळ दोन अंश वर आणि टोक अर्धा अंश खाली असा अडीच अंशांचा पीळ पंखाला दिलेला होता, जेणेकरून मुळाशी स्टॉल आधी सुरू व्हावा आणि टोक शेवटपर्यंत काम करत राहावे. दुकानात मॉडेल हातात घेऊन पंखाकडे टोकाच्या बाजूने एक डोळा मिटून पाहावे. मागची कड टोकाकडे किंचित वर उचललेली दिसली तर हा पीळ दिलेला आहे. तो नसेल आणि पंखभारही जास्त असेल, तर ते स्पिटफायर शोभेसाठी घ्यावे.

त्या मानाने हरिकेन दुर्लक्षित राहिले आहे. जाड, रुंद पंखांचे हे विमान मॉडेल म्हणून पुष्कळच समजूतदार आहे, आणि आपल्याशी त्याचा धागाही जवळचा आहे. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत हरिकेन उडवली आणि त्या वेळी तिचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते. मस्टँग या दोहोंच्या मधले आहे. पंख सरळ कडांचे आणि टोकाशी बऱ्यापैकी रुंद, लांब नाकामुळे समतोल साधणे सोपे. फक्त पोटाखालचा हवेचा डबा उतरताना गवतात अडकतो आणि वर्षभरात त्याची दुरुस्ती एकदा तरी करावी लागतेच. कोर्सेअरचे उलट्या कमानीसारखे वाकलेले पंख फोममध्ये कमकुवत ठरू शकतात. खऱ्या कोर्सेअरचा डावा पंख उतरताना आधी पडत असे, म्हणून उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी बसवून तोही त्याच वेळी स्टॉल होईल अशी व्यवस्था करावी लागली होती. जपानी झीरो हे मूळचेच हलके आणि ऐसपैस पंखांचे विमान होते, त्यामुळे त्याचे मॉडेल चांगले तरंगते, मात्र आखूड नाकामुळे गुरुत्वमध्य जागेवर आणायला कधी कधी नाकात शिसे भरावे लागते आणि वजनाचा फायदा तिथे थोडा गमावला जातो.

पहिलेच विमान असेल आणि तरीही लढाऊ घराण्यातलेच हवे असेल, तर टी-२८ ट्रोजन पाहावे. हे अमेरिकेचे प्रशिक्षणाचे विमान १९४९ मध्ये पहिल्यांदा उडाले. पंख रुंद, नाकाखाली चाक, आणि नौदलाच्या प्रशिक्षण विमानांचा भडक पिवळा रंग, जो आकाशात लगेच नजरेत भरतो. दोन इंजिनांची विमाने मोहक असतात, परंतु एक मोटर बंद पडली की दुसरी त्यांना गरकन फिरवते, म्हणून ती नंतरसाठी ठेवावीत.

मुलांना हवी असतात ती जेट विमाने: सुखोई, राफेल, तेजस. यात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एक म्हणजे मागे दोन चिमुकले पंखे असलेले फोमचे खेळणे, ज्यात वळण्यासाठी दोन मोटरींचा वेग कमी-जास्त केला जातो आणि वर-खाली जाण्यासाठी दोन्हींचा मिळून. त्यात हलणारे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) किंवा एलेरॉन (विमान झुकवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) नसतात, आणि वारा नसेल तर ते गमतीने उडते, असला तर वारा नेईल तिकडे जाते. दुसरी वस्तू म्हणजे नळीत बसवलेल्या विद्युत पंख्यावर चालणारे खरे मॉडेल, जे वेगवान असते, बॅटरी झपाट्याने पिते आणि मोठ्या मैदानाखेरीज शोभत नाही. पार्कासाठी यांपैकी दुसरे टाळावे आणि पहिल्याकडून विमान उडवायला शिकण्याची अपेक्षा ठेवू नये. जाता जाता सांगण्यासारखे असे की वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले मारुत हे भारतात आखलेले पहिले लढाऊ जेट. त्याचे आरेखन करणारे कुर्ट टँक यांनीच जर्मनीत फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान घडवले होते, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे विष्णू माधव घाटगे यांनी त्याआधी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान साकारले होते. एचटी-२ चे तयार मॉडेल दुकानात मिळण्याची आशा कमीच, पण साध्या, खालच्या पंखांचे ते विमान फोमच्या पातळ पत्र्यातून घरी बनवण्यास उत्तम आहे, आणि एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग केलेल्या कोणालाही ते जमावे.

रंगाबद्दल एक सूचना. छद्मावरण हे विमान दिसू नये म्हणून रंगवलेले असते आणि ते आपले काम मॉडेलवरही चोख बजावते. चाळीस सेंटिमीटरचे विमान ऐंशी मीटरवर गेले की आकाशात पूर्ण चंद्राच्या निम्म्या रुंदीइतकेच उरते, आणि ढगाळ पार्श्वभूमीवर करड्या-हिरव्या रंगात ते कोणत्या बाजूला झुकले आहे हे कळेनासे होते. जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेसाठी दोस्त राष्ट्रांनी विमानांवर काळे-पांढरे जाड पट्टे रंगवले होते, ते आपल्याच तोफांनी आपली विमाने ओळखावीत म्हणून. तसे पट्टे असलेले मॉडेल निवडले, किंवा फक्त खालच्या बाजूने चिकटपट्टीने बनवले, तर ऐतिहासिक सत्यही राखले जाते आणि पोट कोणते, पाठ कोणती हेही दुरून कळते.

जायरो काय करतो आणि काय करत नाही

पूर्वी सल्ला ठाम असे: आधी वरच्या पंखांचे संथ प्रशिक्षण विमान, आणि लढाऊ विमान दुसरे किंवा तिसरे. गेल्या काही वर्षांत छोट्या विमानांत जायरो आल्यामुळे हा सल्ला थोडा सैल करता येतो. रिसीव्हरमधील, म्हणजे रिमोटचे संदेश घेणाऱ्या विमानातल्या भागातील, ही चिप विमान किती वेगाने फिरत आहे ते मोजते, तिच्या जोडीचा संवेदक क्षितिज कोठे आहे याचा अंदाज घेतो, आणि वाऱ्याने पंख उचलला तर तुमच्या आधी एलेरॉन हलवून तो सरळ केला जातो. नवशिक्यांसाठीच्या स्थितीत विमान ठरावीक कोनापेक्षा जास्त झुकत नाही आणि स्टिक सोडली की आपोआप सपाट होते. मधल्या स्थितीत मदत कमी होते आणि शेवटच्या स्थितीत सर्व काही तुमच्या हाती येते. घेताना या तिन्ही स्थिती उडत असताना एका खटक्यावर बदलता येतात का, हे विचारावे. थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर, रडर (शेपटीची उभी पट्टी) आणि एलेरॉन असे चारही चॅनेल, म्हणजे रिमोटवरून वेगवेगळी चालणारी नियंत्रणे, असलेलेच विमान घ्यावे, कारण तीन चॅनेलवर लढाऊ विमान त्याच्या स्वभावाप्रमाणे वळत नाही.

जायरो उचल निर्माण करत नाही. वेग संपला तर जायरो असलेले विमानही पडते, आणि विमान तुमच्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे वाटते ते वाटतच राहते. त्यासाठी संगणकावरील सिम्युलेटरवर काही संध्याकाळी घालवाव्यात. बॅटरी जोडल्यावर काही क्षण विमान सपाट जागी स्थिर ठेवावे लागते, नाही तर जायरो तिरक्या जमिनीलाच क्षितिज समजून बसतो आणि विमान सतत एका बाजूला कलते.

हाताने सोडताना वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून, पंख सपाट ठेवून, समोर सरळ ढकलावे. वर भिरकावू नये. एकदम पूर्ण थ्रॉटल दिले तर प्रोपेलर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने विमान कलंडू पाहते, आणि वेग कमी असल्यामुळे एलेरॉनला ते आवरता येत नाही. साधारण दोन-तृतीयांश थ्रॉटल पुरते. चाके असतील तर बहुतेक वेळा काढूनच ठेवावीत, कारण पुढे दोन आणि शेपटीला एक अशी चाके असलेले विमान गवतात नाकावर आपटते.

फोम, बॅटरी आणि आपली हवा

साधे थर्माकोल ठिसूळ असते आणि एका आपटण्यात त्याचे तुकडे होतात. ईपीपी नावाचा फोम लवचीक असतो, दबतो आणि परत येतो. ईपीओ या दोहोंच्या मध्ये पडतो, दिसायला गुळगुळीत आणि दुरुस्तीला सोपा. पहिल्या विमानासाठी ईपीपी किंवा ईपीओ घ्यावे. नेहमीचा झटपट चिकटणारा गोंद थर्माकोल विरघळवतो, म्हणून फोमसाठीचाच गोंद सोबत घ्यावा. प्रोपेलर रबरी कड्याने अडकवलेला असेल तर आपटल्यावर तो निसटतो आणि मोटरचा दांडा वाकत नाही.

लहान विमानांत एका सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असते: नाममात्र ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तिच्यावर दहा-बारा मिनिटे उडता येते. व्होल्टेज उतरले की विमान मोटर बंद करते आणि उरलेली वीज नियंत्रणासाठी राखते, परंतु त्या क्षणी विमान झाडापलीकडे असेल तर उपयोग नाही, म्हणून फोनवर गजर लावावा. महिनाभर न वापरायची असेल तर ती ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी, फरशीवर ठेवून चार्ज करावी, रात्रभर लावून झोपू नये आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत रिसीव्हरचे उघडे सांधे गंजतात. विमानाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या तर बराच फरक पडतो.

वारा हा या आकाराच्या विमानाचा खरा परीक्षक आहे. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला येतात. दिवस तापला की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो. पहाटे जमिनीकडून येणारी मतलई झुळूक मंद असते. स्टॉलचा वेग ताशी २५ किलोमीटर असलेल्या विमानाला ताशी १० किलोमीटरपर्यंतचा वारा झेपतो, त्यापुढे वाऱ्याच्या दिशेने गेलेले विमान परत आणताना दमछाक होते. म्हणून सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सर्वोत्तम. त्यातून मकरसंक्रांतीच्या आसपासचे दिवस वगळावेत, कारण आकाशात मांजा असतो आणि फोमचा पंख तो सहज कापतो. घारींचाही विचार करावा. त्या विमानाकडे कुतूहलाने येतात, कधी झडपही घालतात. घार जवळ आली की विमान खाली आणून उतरवावे, तिच्या मागे लावू नये.

घेताना

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे आणि सुट्या भागांना ती लागू नाही. रिमोटवरचे विमान सीमाशुल्क खात्याच्या नजरेत नेमके कशात मोडेल याचा भरवसा नसल्यामुळे, परदेशी संकेतस्थळावर स्वस्त दिसलेले विमान मागवण्यापेक्षा भारतात साठा असलेल्या विक्रेत्याकडून घेणे श्रेयस्कर. सुटे इलेक्ट्रॉनिक सामान, कनेक्टर, वायर यांसाठी लॅमिंग्टन रोड आहेच. विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा न विचारता याच मॉडेलचे प्रोपेलर, मोटर, शेपटी आणि पंख सुटे मिळतात का, असा विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे विमान पाहावे, मग ते कितीही देखणे असो. विमानाबरोबर दोन जादा बॅटऱ्या आणि किमान चार प्रोपेलर त्याच दिवशी घ्यावेत, कारण कर्जतच्या मैदानावर एकुलता एक प्रोपेलर सकाळी सातलाच मोडला तर परतीच्या लोकलखेरीज करण्यासारखे काही उरत नाही.